माळ्यावरचा सर्व्हर आणि भिकातांडेल

आमच्या मच्छीमार सोसायटीचा संगणक सकाळी चालू व्हायला सात मिनिटं लागत. त्यातली दोन संगणकाची आणि पाच भिकातांडेलांची. संगणकाची दोन मिनिटं कधी कोणाच्या डोळ्यांवर आली नाहीत. पण तांडेलांच्या पाच मिनिटांत रत्नागिरी बंदरावर काय काय थांबत असे ते सांगायला लागलो की ऐकणारा म्हणतो, कारकून चढवून सांगतो. चढवून सांगतो हे मी नाकारत नाही. पण बर्फाच्या गाड्या थांबत हे खरं, डिझेलच्या पंपावरची रांग थांबे हे खरं, आणि छपरावरचे कावळे पंख अर्धवट उघडून तसेच राहत हे मी स्वतः पाहिलं आहे. बाकीचं तुम्ही आपल्या हिशेबाने उतरवून घ्या.

सोसायटीत यंत्रं दोनच. एक खिडकीपाशी, ज्यावर मी आणि आणखी एक कारकून आळीपाळीने बोटींची कामं नोंदवत असू. दुसरं माळ्यावर. तो सर्व्हर. समुद्राचं पाणी आत शिरलं तरी तिथवर पोचायचं नाही म्हणून चेअरमन बाबूशेठांनी त्याला शिडी लावून वर चढवला होता. दहा वर्षांचं सगळं दफ्तर वर, आणि काम करायचं खाली. खालच्या यंत्रावर 'दर्या' नावाचं एक फोल्डर होतं. ते मुळात रिकामं. रोज सकाळी हुकूम देऊन माळ्यावरचं दफ्तर त्या फोल्डरला जोडायचं, की मग 'दर्या' उघडला की सगळं आत दिसे. जोडलं नाही तर आत काही नाही. या जोडण्याला संगणकवाले माउंट करणं म्हणतात. तांडेल 'लावणं' म्हणत. बोट धक्क्याला लावतात तसं. संध्याकाळी ते दफ्तर रीतसर सोडत, मग मेन स्विच पाडत, आणि मगच घरी जात. मेन स्विच पाडायचा हा बाबूशेठांचा नियम. एकदा विजेने त्यांचा पंखा जाळला होता आणि तेव्हापासून ते विजेशी बोलत नव्हते.

आमच्या यंत्रांवर लिनक्स ही प्रणाली का, तर बाबूशेठांना कोणीतरी सांगितलं की ते फुकट मिळतं. आणि तांडेल का, तर त्यांचा गुडघा. तीस वर्षं त्यांनी बोट हाकली. एके दिवशी रहाटाचा दोर तुटून गुडघ्यावर बसला, आणि दर्याने त्यांना किनाऱ्यावर काढलं. सोसायटीने खिडकीजवळची खुर्ची दिली. ठरावात स्वच्छ लिहिलं होतं: संगणक लावायला माणूस लागतो आहे तोवर तांडेल खुर्चीवर राहतील. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मोठ्याने वाचायचो. तेव्हा तांडेल खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत, राष्ट्रगीताला राहतात तसे. त्या खुर्चीपलीकडे त्यांना जगात दुसरी जागा नव्हती. मला एकदा म्हणाले होते, घरी बसलो तर सून मला टीव्हीवरच्या फुलदाणीशेजारी मांडील आणि सणाला पुसून घेईल.

माणूस असा की उभा राहिला तरी बसल्यासारखा भक्कम दिसे. पांढरा शर्ट, दुखऱ्या पायाची विजार नडगीपर्यंत दुमडलेली, अंगाला डिझेलचा कायमचा वास. तीस वर्षांत दोर ओढून बोटं एवढी जाड झाली होती की एक कळ दाबायला जावं तर शेजारच्या तीन दबत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बोटाने असं काही लिहिलं की संगणकाने मान टाकली, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, असं उत्तर या यंत्राने आजवर कोणाला दिलेलं नाही. मग त्यांनी घरून जाळं विणायची लाकडी सुई आणली. त्या सुईच्या टोकाने ते कळा दाबत. एक एक. कळ दाबली की सुई वर उचलून धरत, पडद्यावर अक्षर उमटल्याची खात्री करत, आणि मग पुढची.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. हुकूम त्यांनी किनारा ओळखतात तसा ओळखून ठेवला होता. एम म्हणजे दोन लाटा. टी म्हणजे डोलकाठी. तिरपी रेघ म्हणजे वाऱ्याने कललेली डोलकाठी. पूर्ण हुकूम म्हणजे रत्नागिरीहून उत्तरेला निघालं की डाव्या हाताला काय आणि उजव्या हाताला काय लागतं याची यादीच. एखादं अक्षर चुकलं तर ते मागे जाऊन खोडत नसत. समुद्रात मागे जाता येत नाय, वळून यायला लागतं, असं म्हणत आणि सबंध ओळ पुसून पुन्हा बंदरातून निघत.

पण हुकमाच्या आधी वाट पाहणं. ती त्यांची खरी विद्या. मेन स्विच वर केला की ते शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहत आणि माळ्यावरच्या दिव्यांकडे बघत. आधी लाल दिवा, मग पिवळा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग हिरवा लुकलुकायला लागे. हिरवा लागल्यावरही ते थांबत. का, तर लाट फुटली म्हणून पाणी निवळलं असं होत नाही. मग हात वर करत. तो हात खाली येईपर्यंत कळपाटाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

एकदा मुंबईहून मत्स्य खात्याचे कोणी मोठे साहेब आले. त्यांना आमचं दफ्तर तपासायचं होतं आणि दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. तांडेलांचा हात वर. साहेबांनी घड्याळ पाहिलं, खाकरले, पुन्हा घड्याळ पाहिलं. बाबूशेठ घामाने एवढे भिजले की त्यांच्या शर्टात मासा जगला असता. शेवटी साहेब म्हणाले की जरा लवकर होईल का. तांडेलांनी हात खाली न घेता, शिडीवरची नजर न काढता, अगदी आदराने सांगितलं, "साहेब, घाई असली तर पोहत जावा." साहेब बसले. असे बसले की दफ्तर लागल्यावरही उठेनात. जाताना तांडेलांशी हस्तांदोलन करून गेले आणि पुढे आमच्या सोसायटीच्या तपासणीला कधी आले नाहीत.

दुसरी गोष्ट पासवर्डाची. तो टाकताना कोणी बघू नये, हा नियम. आता आमची खिडकी म्हणजे सकाळी चाळीस माणसं टेकलेली. तांडेल म्हणत, दर्याकडे. की चाळीसच्या चाळीस समुद्राकडे तोंड करून उभी. सुईने पासवर्ड टाकायचा म्हणजे वेळ लागणारच. एकदा मे महिन्यात गणपतीपुळ्याला निघालेली पर्यटकांची गाडी रस्ता चुकून बंदराकडे आली. त्यांनी बघितलं, एवढी माणसं श्वास रोखून समुद्राकडे बघतायत. त्यांना वाटलं डॉल्फिन. ते उतरले. त्यांच्यामागे दुसरी गाडी थांबली, तिच्यामागे आठ रिक्षा, रिक्षांमागे एसटी. तांडेलांचा पासवर्ड पुरा होईस्तोवर तिथे दीडशे माणूस जमलं होतं, दोघांना डॉल्फिन दिसलाही होता, आणि एका शहाळेवाल्याने तिथे गाडी लावली. ती अजून तिथेच आहे.

'ऑटोमॅटिक' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. ओळखीच्या कोणी आपल्या ट्रॉलरवर आपोआप चालवायचं यंत्र बसवलं होतं. यंत्राने बोट बिनचूक आणली, तांडेल सांगत, वाळूला लावली, दोर टाकण्यापुरती थांबली. फक्त बंदर दुसऱ्याचं होतं. दोन दिवस मासळी तिथेच विकली आणि मालकाला फोन केला की इथे भाव बरा आहे. ही गोष्ट मी तीस वेळा ऐकली आणि दर वेळी ते बंदर थोडं दक्षिणेला सरकलेलं असे. शेवटच्या वेळी ते कारवारच्या पुढे होतं.

आणि तरीही आपोआप व्हायचं ते आमच्याकडे आलंच. बाबूशेठांच्या पुतण्याच्या लग्नात त्यांना इंजिनियरिंग कॉलेजातल्या केतकर मॅडम भेटल्या. पन्नाशीच्या, सडेतोड, अनावश्यक शब्दाला महाग. बाबूशेठांनी फुशारकीने सांगितलं की आमच्याकडे सर्व्हर लावायला खास तांडेल आहे. मॅडमनी जेवता जेवता विचारलं, रोज हाताने का लावता? यंत्र जागं होतं तेव्हा वाचायची एक फाइल असते. तिच्यात एक ओळ लिहिली की ते आपलं आपण लावतं. बाबूशेठांचा मोदक हातात राहिला. दहा वर्षं रोज पाच मिनिटं दोनशे बोटी थांबल्या होत्या, एका ओळीसाठी.

पावसाळ्याची मासेमारीबंदी संपत आली होती तेव्हा मॅडम आल्या. पाच मिनिटांत ओळ लिहिली: दफ्तर कुठलं, कुठल्या फोल्डरला लावायचं, कसलं आहे आणि कशा बोलीवर, म्हणजे कुठल्या अटीवर. मग खालचा संगणक तीनदा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा दफ्तर लागलं. टाळ्या पडल्या. तांडेल भिंतीला टेकून बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "मॅडमबाय, माळ्यावरचा जागा नसला तर?"

मॅडम म्हणाल्या, तर अडून बसणार नाही काका, तशी बोली घातली आहे. संगणक पुढे जाईल.

"पुढे जाईल म्हणजे कुठे?"

या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही, कारण बाबूशेठ शाल आणायला गेले होते. त्याच दुपारी शाल आणि श्रीफळ देऊन तांडेलांचा सत्कार झाला. ठरावाप्रमाणेच झालं सगळं. माणूस लागत नव्हता. तांडेलांनी खुर्ची कडेला सरकवली, सुई खिशात घातली आणि नारळ काखेत मारून गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला उठलो, तर म्हणाले, "बस, कारकुना. यंत्र एकटं पडेल."

आता हंगामाची चिठ्ठी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बंदी उठली की दोनशे बोटींना एकाच दिवशी बर्फ आणि डिझेल हवं असतं. पहिला नंबर कोणाचा यावरून पूर्वी डोकी फुटत. म्हणून आमच्या बंदराची रीत अशी, की सगळ्या बोटींच्या चिठ्ठ्या एका टोपलीत घालायच्या आणि मासळीबाजारातल्या सगळ्यांत वयस्क बाईने, म्हणजे पार्वतीबायने, एक एक उचलायची. नाव पुकारलं की कारकुनाने संगणकात चढवायचं. सगळी झाली की चिठ्ठ्या नारळासोबत समुद्राला द्यायच्या. एकदा दर्याने वाचलं की मग कोणी फेरबदल मागू शकत नाही. वहीत आणखी उतरवून ठेवलं तर दर्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आणि प्रिंटर, तर त्यात पावसाळ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं आणि पिल्लं उडून जाईपर्यंत पार्वतीबाय हात लावू देत नव्हती. तेव्हा यादी होती ती एकट्या संगणकात.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी होती. त्या सकाळी मी मेन स्विच वर केला आणि संगणक सुरू केला. कोणी शिडीशी उभं राहिलं नाही, कोणी हात वर केला नाही. 'दर्या' उघडला आणि आत काहीच नव्हतं. पाटी कोरी.

आता कोणी विचारेल, मेल्या तुला शंका आली नाही? आली नाही. उलट आनंद झाला. हंगाम लागताना आमच्याकडे सगळंच कोरं करतात. बोटींना नवा रंग, भिंतीला चुना, नवं रजिस्टर, जुन्या झाडूलासुद्धा नवा दोरा. मला वाटलं, मॅडमनी आपणहून फोल्डरही धुऊन दिलं, शिकलेली बाई. मी बाबूशेठांना बोलावून दाखवलं. त्यांनी कोऱ्या फोल्डरला हात जोडले आणि पडद्याला हळदीकुंकू लावलं. मग पार्वतीबायने चिठ्ठ्या उचलल्या, मी दोनशे नावं चढवली, चिठ्ठ्या समुद्रात गेल्या, आणि संध्याकाळी कार्यालयावर दिव्यांच्या माळा सोडल्या. माळा जळत राहाव्यात म्हणून त्या एका दिवशी मेन स्विच पाडला नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर 'दर्या'मध्ये दहा वर्षांचं सगळं दफ्तर परत आलेलं. पण कालची यादी नाही.

मी नाव बदलून शोधली, तारखेने शोधली, कचऱ्याच्या टोपलीत शोधली, घाबरून खऱ्या कचऱ्याच्या टोपलीतही शोधली. खिडकीत दोनशे बोटींचे मालक आणि त्यांचे खलाशी. बर्फ वितळत होता. ओरड एवढी झाली की म्हणे अंजनवेलच्या किल्ल्यावर फिरायला आलेल्या माणसांनी मागे वळून बघितलं. प्रत्येकाला आता आठवत होतं की पहिला नंबर आपलाच होता. मी स्वतः मोजले, पहिल्या नंबराचे त्रेपन्न मालक होते.

आणि मग बाबूशेठांनी ते वाक्य उच्चारलं ज्याची मला भीती होती. म्हणाले, हे भिकाचं काम. खुर्ची गेली म्हणून डूख धरलाय. यंत्राची नस त्याला एकट्याला ठाऊक. कोणीतरी लगेच सांगितलं की तांडेल काल रात्री दिव्यांच्या माळा बघत इथूनच गेले. दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्या खिशात सुई होती. घटकाभरात अख्ख्या बंदराची खात्री पटली की त्या सुईने त्यांनी यादी ओढून काढली. मी तोंड उघडून काही म्हणालो नाही, हे इथे लिहून ठेवतो.

तांडेलांना बोलावणं गेलं. ते काठी टेकत आले. गर्दी आपसूक दुभंगली, पण कोणी नमस्कार केला नाही. तीस वर्षं ज्यांच्यासोबत जाळी टाकली ती माणसं पायाकडे बघत होती. बाबूशेठ म्हणाले, "भिका, यादी दे. खुर्ची परत देतो."

तांडेल म्हणाले, "बाबू, मी आयुष्यात दुसऱ्याचं जाळं उचललं नाय."

तेवढंच. समुद्रात दुसऱ्याचं जाळं उचलणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होतं ते दोनशेच्या दोनशे तिथे होते. पार्वतीबाय पदर खोचून बाबूशेठांना म्हणाली की शेट, तुमची अक्कल माशीने प्रिंटरात नेऊन लिंपली काय.

तांडेल माझ्याकडे वळले. काल काय काय झालं ते सगळं सांग म्हणाले, काही गाळू नको. मी सांगितलं. कोरं फोल्डर, हळदीकुंकू, चिठ्ठ्या, माळा. कोऱ्या फोल्डराशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"कोरा होता? अगदी कोरा?"

म्हटलं, धुतल्यासारखा.

ते हसायला लागले. असे हसले की काठी हातातून पडली. मग त्यांनी सगळ्यांना खिडकीतून बाहेर, समुद्रात, थोड्या अंतरावर बोट दाखवलं. भरतीची वेळ होती. तिथे काय हाय, त्यांनी विचारलं. चारपाच जण म्हणाले, खडक. दिसतोय काय? नाय. मग गेला काय?

चारपाच माना पुन्हा खिडकीबाहेर लांबल्या.

तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी आजवर ऐकलेलं संगणकाचं सगळ्यांत सरळ व्याख्यान. परवा रात्री मेन स्विच पाडलेला होता. काल सकाळी दोन्ही यंत्रं एकदम उठवली. खालचं आधी उठलं, माळ्यावरचं डोळे चोळत होतं. खालच्याने ओळ वाचली, लावायला गेलं, समोर कोणी नाही. अडून बसायचं नाही अशी त्याला बोली, तेव्हा ते पुढे गेलं. 'दर्या' नुसता उघडा पडला. ती ओहोटी. आणि कारकुनाने ओहोटीत खडकावर यादी ठेवली. काल रात्री दिव्यांच्या माळा जळत होत्या, माळ्यावरचा रात्रभर जागाच होता, आज दफ्तर पहिल्या हाकेला लागलं. भरती आली. खडक पाण्याखाली गेला. यादी खडकावरच हाय.

"ओहोटी करायला लागेल," ते म्हणाले आणि खिशातून सुई काढली.

मग म्हणाले, दर्याकडे. दोनशे मालक, पाचशे खलाशी, बर्फवाले, पार्वतीबाय आणि बाबूशेठ, सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या पाठीमागे सुईची टकटक ऐकू येत होती. एकदा ती थांबली, सबंध ओळ पुसली गेल्याचा आवाज आला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्या मधल्या वेळात बाबूशेठ माझ्याशेजारी उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. मी कान दिला तर ते विजेची माफी मागत होते.

"बघा," तांडेल म्हणाले.

दफ्तर सोडलं होतं. दहा वर्षांचं सगळं पडद्यावरून गेलं होतं आणि रिकाम्या 'दर्या'त एकटी यादी पडली होती, ओल्या खडकावर शिंपला पडावा तशी. पहिला नंबर त्या त्रेपन्नांतल्या कोणाचाच नव्हता.

मॅडम कॉलेजातून रिक्षाने आल्या तोवर पहिल्या बोटीवर बर्फ चढत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भर गर्दीत सांगितलं की चूक माझी. मी फक्त जागा असलेला सर्व्हर तपासला. झोपलेला तपासलाच नाही. काकांनी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

तांडेलांनी त्यांना खुर्ची दिली. आपली. आणि विचारलं, "बाय, या ओळीला वाट बघायला शिकवता येईल काय?" मॅडम म्हणाल्या, येईल. दोन्ही यंत्रांमधलं जाळं जोडलं जाईपर्यंत थांब, असं लिहिता येतं. आणि उठल्या उठल्या न लावता, तांडेलांनी विचारलं, कोणी फोल्डरचं दार वाजवील तेव्हाच लावायचं, असं? तेही येतं, मॅडम म्हणाल्या, पण हे तुम्हाला कोणी सांगितलं? तांडेल म्हणाले, कोणी नाय, धक्क्यावर माणूस आला की होडी सोडतात, सूर्य उगवला म्हणून सोडत नाय. मॅडमनी यादी माळ्यावरच्या दफ्तरात हलवली आणि दोन्ही बोली ओळीत घातल्या. मग तांडेलांनी दफ्तर सोडून, रिकाम्या 'दर्या'त माझ्याकडून एक फाइल करून घेतली. तिचं नाव, 'ओहोटी आहे, काही ठेवू नये'. दफ्तर लागलं की ती झाकली जाणार, नाही लागलं तर दिसणार. मॅडमनी ते वहीत टिपून घेतलं. म्हणाल्या, हे मी उद्या वर्गात सांगणार.

त्या दिवशी मेन स्विच चारदा पाडून वर केला. चारही वेळा ओळ थांबली, आणि दार वाजवल्यावर लागली.

बाबूशेठ हे सगळं बघत होते. उशिरा का होईना, त्यांच्या ध्यानात आलं की समोरचा माणूस स्वतःच्या हाताने काय करतो आहे. म्हणाले, भिका, अरे आता माणूस लागणारच नाही.

"नाय लागणार."

"मग तुझी खुर्ची?"

"यादी बुडण्यापरीस खुर्ची बुडालेली बरी," तांडेल म्हणाले.

बाबूशेठ रडले. मोठा माणूस, रडला तरी मोठाच रडला, टेबलावरचा चुन्याचा डाग निघाला. म्हणाले, ठराव बदलतो. काही करू नको, नुसता येऊन बस. तांडेल म्हणाले, ते जमायचं नाय. बोटीवर नुसता बसतो त्याला पाहुणा म्हणतात. आणि मग दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. दफ्तर आपोआप लागत राहिलं. बंदराला रोज पाच मिनिटं जास्त मिळायला लागली, आणि त्या पाच मिनिटांचं काय करायचं ते कोणालाच समजेना. लोक भांडायला लागले.

नंतर सुमारे दोन महिन्यांनी खाडीपलीकडच्या एका सोसायटीचं बाबूशेठांना पत्र आलं. आमचाही सर्व्हर रोज हाताने लावावा लागतो, तुमच्याकडे म्हणे एक ओळ आहे, माणूस पाठवा. मॅडमच्या अक्षरातला कागद खिशात घालून मी सकाळच्या एसटीने निघालो, पुढे तरीच्या होडीने खाडी ओलांडली. कार्यालय शोधावं लागलं नाही. बाहेर पंधरावीस माणसं खाडीकडे तोंड करून उभी होती.

आत भिकातांडेल बसले होते. नवी खुर्ची, हात असलेली.

तिथले सेक्रेटरी माझ्या कानाशी लागले. म्हणाले, हे काका आमच्याकडे आपणहून आले. यांना पाच मिनिटं लागतात. पण एक खरं, हे आल्यापासून आमचं एक अक्षर हरवलेलं नाही. तरी पण, आणलीत ना ती ओळ?

मी तांडेलांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडदा त्यांनी भिंतीकडे वळवलेला होता, माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हता. तिथलं दफ्तर केव्हाच लागलेलं होतं. मॅडमची ओळ, आमचीच, दोन्ही बोलींसकट, त्यांनी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलेली असणार. सोसायटीचं काही बुडू देणारा हा माणूसच नव्हे. मग ते लिहीत काय होते?

नावं. हुकूम द्यायच्या काळ्या चौकटीत, देवनागरीत, एका ओळीला एक. रघुनाथ. सोनू. हरी. पांडुरंग. ते त्यांच्या बोटीवरचे खलाशी होते. बंदर सोडायच्या आधी तांडेल आपली माणसं मोजतो, तशी ते मोजत होते. त्यातले निम्मे मुंबईला, एक आखातात, बाकीचे कुठेच नाहीत. प्रत्येक नावाखाली यंत्र इंग्रजीत एकच उत्तर देत होतं, अशी आज्ञा सापडली नाही. तांडेल मान डोलवत आणि पुढचं नाव घेत.

सेक्रेटरी मागून म्हणाले, मग काय, बसवता ना?

मी खिशातला कागद चाचपला आणि म्हणालो, नाही हो, बघितलं मी. तुमचं यंत्र वेगळ्या जातीचं. ही ओळ इथे चालायची नाही, माणूसच लागेल.

तांडेलांनी मागे वळून पाहिलं नाही. शेवटची ओळ त्यांनी सावकाश लिहिली. भिकाजी. यंत्राने खाली उत्तर दिलं, असं काही सापडलं नाही.

ते पडद्याकडे वाकले आणि अगदी हळू, यंत्रालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "हाय रे मी. इथंच हाय."